हात लावण्याआधी मेमो

मनोहररावांचा फोन वाजला तेव्हा मी दाढी करत होतो आणि मुद्दामच उचलला नाही. पडद्यावर ‘साडूभाऊ’ हे नाव दिसलं की मी टाळायला बघायचो, ही सवय आठ-नऊ वर्षांची. हा माणूस ‘कसे आहात’ असं कधी विचारायचाच नाही. पहिला प्रश्न ठरलेला, “हात लावला काय कशाले?” आणि मी कशाला ना कशाला तरी लावलेला असायचाच. म्हणून वाजू दिला. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा नळ सोडला, म्हणजे ऐकू आलं नाही असं निदान स्वतःला तरी सांगता येईल. तिसऱ्यांदा सुनंदाचा, म्हणजे माझ्या बायकोचा फोन वाजला आणि तिने उचलला. पलीकडे मनोहरराव नव्हतेच. त्यांच्या फोनवरून त्यांची बायको, सुनंदाची थोरली बहीण कुंदाताई बोलत होती. चहा ठेवला, उठवायला गेले, तर... एवढंच. मी तसाच धावलो. दिवसभर माझा एक गाल दाढी केलेला आणि एक तसाच होता, आणि स्मशानघाटावर लोक माझ्याकडे बघतायत ते दुःखाने, असं मला वाटत राहिलं.

त्याला आता पाच आठवडे झाले. आमच्या सासऱ्यांना दोन जावई. एक, ज्याच्या सहीवर रेल्वेगाड्या धावायच्या. दुसरा मी, सिलतऱ्याच्या कारखान्यात ट्रक मोजणारा. मनोहरराव रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते. वर्ध्याकडचे, नोकरीने रायपुरात आले आणि पुरानी बस्तीत आमच्या मागच्या गल्लीत राहिले. त्यांच्या खात्यात एक नियम असतो. सिग्नल असो, गाडीला रूळ बदलून देणारा सांधा असो, दुरुस्तीला हात लावण्याआधी स्टेशन मास्तरला लेखी कळवायचं, की हे आता बंद समजा. हा डिस्कनेक्शन मेमो. मास्तरची सही झाल्याशिवाय पाना उचलायचा नाही. काम झालं, तपासणी झाली, की दुसरा कागद, रिकनेक्शन मेमो. मगच गाडी. हा नियम त्यांनी घरीही आणला होता. मिक्सर उघडायचा तरी कुंदाताईला कागद द्यायचे, ‘मिक्सर सव्वादहापासून बंद, वापरू नये’, आणि ती बिचारी कणकेच्या हाताने सही करायची. मी पोट धरून हसायचो. “हसा,” ते म्हणायचे, “तुमच्या ट्रकले ब्रेक अस्ते.”

राज्य नवीन होतं तेव्हाची गोष्ट. रायपूर राजधानी झालं होतं, जिकडे तिकडे खोदकाम चाललं होतं आणि त्या खड्ड्यांतून कधीतरी ब्रॉडबँड नावाची वस्तू आमच्या गल्लीत पोचली. सुनंदाने सहा महिन्यांचा एक कोर्स केला होता. परदेशातले डॉक्टर रोग्यांविषयी बोलून ठेवत, त्या आवाजाच्या फाइली नेटवरून येत आणि इकडे ऐकून टाइप करायच्या. घरबसल्या काम. वयाच्या अडतिसाव्या वर्षी तिची स्वतःची अशी पहिली नोकरी मिळायची होती. पण दुसऱ्यांच्या आजारांची बाब, म्हणून कंपनीची अट होती, की घरचा कॉम्प्युटर आणि इंटरनेट यांच्यामध्ये एक वेगळं फायरवॉल मशीन पाहिजे. चौकीदारच म्हणा. शुक्रवारी अकराला कंपनीचा माणूस तपासायला येणार होता. सुनंदा त्या आठवड्यात जेवायची नाही. कानाला हेडफोन लावून दिवसभर परदेशी उच्चार पुटपुटायची.

त्या चौकीदारासाठी मनोहररावांनी त्यांचा जुना कॅबिनेट, म्हणजे कॉम्प्युटरचा खोका, दिला. कॉम्प्युटरच्या मासिकांबरोबर फुकट सीडी यायच्या, त्यांवरून हा माणूस पन्नाशीत सगळं शिकला होता. चौकीदाराला दोन दारं लागतात, म्हणजे दोन नेटवर्क कार्डं. एक होतं. दुसरं आणायचं काम माझ्याकडे आलं आणि इथून माझा पराक्रम सुरू होतो. त्यांनी चिठ्ठीवर नाव लिहून दिलं होतं. मी चिठ्ठी खिशात ठेवून चकचकीत डब्यातलं कार्ड आणलं, कारण त्या डब्यावर विजेचं चित्र होतं. ते लावलं, तर फायरवॉलने त्याला ओळखच दाखवली नाही. मनोहररावांनी कार्ड काढलं, घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावून त्यावरच्या काळ्या चिपचा नंबर वाचला, वहीत लिहिला आणि यादीशी ताडून पाहिला. मग म्हणाले, “कार्ड चांगलं हाय. यादीत नाव नाही त्याचं.”

कार्डाची भाषा मशीनला समजावून सांगणारा एक प्रोग्राम असतो, ड्रायव्हर. त्या ड्रायव्हरला या चिपची भाषा येत होती. पण आमच्या कार्डाच्या कंपनीने तिच्यावर स्वतःचा नंबर टाकला होता आणि तो नंबर ड्रायव्हरच्या यादीत नव्हता. यादीत एक ओळ वाढवायची आणि ड्रायव्हर नव्याने बांधायचा, एवढंच. पण चौकीदाराच्या मशीनवर बांधकामाची हत्यारं ठेवत नाहीत, म्हणून ते काम त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर व्हायचं आणि फ्लॉपीवरून आमच्याकडे यायचं. पहिली फ्लॉपी मंगळवारी आली. मशीनने घेतली नाही. तिकडची आणि इकडची आवृत्ती जुळेना. दुसरी बुधवारी आली. दिवा लागला, नेट आलं, आणि चार-पाच मिनिटांनी गपकन बंद. प्रत्येक वेळी ते सुनंदाकडून मेमोवर सही घ्यायचे. आमच्या घरात स्टेशन मास्तर ती होती. प्रत्येक वेळी ती विचारायची, “होईल ना भाऊजी?” आणि ते ‘होईल’ असं एकदाही म्हणाले नाहीत. “पाहून राहिलो,” म्हणायचे. तिचा चेहरा आणखी उतरायचा आणि मला त्या माणसाचा राग यायचा... अरे, खोटं का होईना, म्हणा ना ‘होईल’.

गुरुवारी दुपारी बाराला ते तिसऱ्या फ्लॉपीची तयारी करत असताना त्यांना ड्यूटीवरून बोलावणं आलं. कुठलासा सिग्नल लाल होऊन बसला होता. मेमो टेबलावर होता, सुनंदाची सही झालेली. जाताना मला म्हणाले, “अरविंदराव, मी येईपर्यंत हात लावू नका.” आणि दीड वाजता कंपनीचा फोन आला, की चाचणीच्या फाइली पाठवल्यात. शुक्रवारी तपासणीच्या आत त्या करून द्यायच्या. सुनंदा खुर्चीच्या टोकावर बसून बंद पडद्याकडे बघत होती.  

मी टेबलाखाली शिरलो. तिथे मॉडेम होतं, कॅबिनेट होता, वायरी जोडायची एक लहान पेटी होती आणि चार वायरी, सगळ्या एकाच राखाडी रंगाच्या. मी कॅबिनेट बंद करून चालू केला, वायरी काढल्या, लावल्या, पुन्हा काढल्या... आणि नेट आलं. पाच मिनिटं गेली, दहा गेली, बंद पडेना. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. साडूभाऊंना दोन फ्लॉप्यांत जमलं नाही ते मी एका डुबकीत केलं! त्या भरात मी त्यांची मेमोची वही ओढली आणि त्यांच्याच ठसठशीत अक्षराची नक्कल करत रिकनेक्शन मेमो लिहिला. ‘तपासणी केली, सर्व ठीक.’ खाली मनोहररावांचं नाव. चेष्टा हो, निव्वळ चेष्टा. सुनंदाने कागद हातात घेऊन विचारलं, “तपासलंत ना?” मी म्हणालो, हो. तिने सही केली आणि हेडफोन लावला.

सहाला मनोहरराव आले. शर्टला ग्रीस, डोळे लाल, खिशात तिसरी फ्लॉपी. सुनंदा टाइप करत होती. त्यांनी मेमो उचलला, वाचला, माझ्याकडे बघितलंही नाही. खाली वाकले आणि फायरवॉलच्या कॅबिनेटचा प्लग भिंतीतून ओढून काढला.

कॅबिनेटचा पंखा थांबला. नेट चालूच होतं. पडद्यावर पुढची फाइल उतरत होती, निवांत.

मला समजायला थोडा वेळ लागला, सुनंदाला नाही. तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. मी मॉडेमची वायर आणि कॉम्प्युटरची वायर दोन्ही त्या लहान पेटीत खुपसल्या होत्या. चौकीदार बाजूला उभा, आणि रस्ता मोकळा. चार तास परक्या लोकांचे आजार तसेच उघड्यावर येत-जात होते.

मी लगेच सुचवायला लागलो. कुणाला कळतंय, वायरी नीट लावू, फ्लॉपी घालू, उद्या सगळं ठीक दिसेल. मनोहरराव खाली फरशीवरच बसले. मग त्यांनी जे सांगितलं ते त्याआधी कधी सांगितलं नव्हतं आणि नंतरही नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, एका लहान स्टेशनावर, त्यांनी सांधा दुरुस्त केला होता. पॅसेंजर उभी होती, मास्तर घाई करत होता. पॅनेलवर दिवा बरोबर लागला, म्हणून त्यांनी तपासणीआधीच मेमो दिला. गाडी गेली. मग जाऊन पाहिलं, तर सांधा पुरता बसलाच नव्हता. बोटभर फट होती.

“मग?” मी विचारलं.

“मंग काई नाही. गाडी गेली ना. लोकं आपापल्या घरी गेले.” ते हाताकडे बघत होते. “मी मास्तरले जाऊन सांगितलं. चार्जशीट भेटली.”

“कुणालाच कळलं नव्हतं, तर सांगितलं कशाला?”

“मले झोप नसती आली. दिवा लागला अन् फट बी होती, असं होऊ शकते, हे दुसऱ्या पोट्ट्याले कोण सांगणार होतं?”

कंपनीला सांगायचं की नाही, हे त्यांनी सुनंदावर सोडलं. तिसरी फ्लॉपी घातली. या वेळी ड्रायव्हर बसला. मग त्यांनी दीड तास तपासलं. प्लग ओढायचा, नेट बंद पडलं पाहिजे. पडलं. प्लग लावायचा, आपोआप आलं पाहिजे. आलं. पुन्हा. माझा मेमो त्यांनी फाडला नाही. त्यावर ‘रद्द’ लिहिलं, खऱ्या वेळा टाकल्या, दोन ते सहा, आणि नवीन लिहिला.

शुक्रवारी कंपनीचा माणूस आला. सगळं चोख. तो कागद आवरत होता तेव्हा सुनंदाने दोन्ही मेमो त्याच्यापुढे ठेवले आणि चार तासांचं सांगितलं. माझं नाव घेतलं नाही, म्हणाली, “हमारे घर से गलती हुई।” त्याने फॉर्म उलटसुलट पाहिला. “मैडम, इसका तो कॉलम ही नहीं है इसमें,” तो म्हणाला, आणि खरंच वाईट वाटल्यासारखा फोन करायला बाहेर गेला. ते काम गेलं. आम्ही दोन महिने वाट बघितली, पोस्टमनच्या सायकलची घंटी वाजली की सुनंदा दाराशी जायची, पण गेलं ते गेलंच. पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीत मिळालं, अजून करते. मला ती कधी टाकून बोलली नाही. फक्त मी घरात काहीही करून ‘झालं’ म्हणालो की ती मनोहररावांना फोन लावायची, आणि मग त्यांचा मला यायचा... “हात लावला काय?”

गेल्या रविवारी कुंदाताईचा फोन आला. लाइट जाऊन आली तेव्हापासून नेट नाही, आणि सातला मुलीचा व्हिडिओ कॉल आहे, वडील गेल्यावर ती परत गेली त्यानंतरचा पहिला. “तुम्ही येता काय?” तिने विचारलं, आणि मग जरा थांबून, “सुनंदाले बी आणा.” त्या थांबण्याचा अर्थ मला कळला.

मनोहररावांच्या टेबलाखाली त्यांनी स्वतःच्या घरासाठी तसाच बनवलेला चौकीदार, त्यांचा कॅबिनेट.  वही खिळ्याला टांगलेली होती. डिस्कनेक्शन मेमो लिहिला, कुंदाताईने सही केली. कार्ड ओळखलं जात नव्हतं. ड्रायव्हर दर वेळी हाताने चढवावा लागायचा आणि त्यांनी तो कसा चढवायचा हे वहीत पायरी-पायरीने लिहून ठेवलं होतं. तीन वेळा चुकलो. चौथ्यांदा दिवा लागला. पडद्यावर मुलीचं नाव हिरवं झालं.

“झालं काय?” कुंदाताईने विचारलं.

“नाही अजून. पाहून राहिलो.”

सुनंदा माझ्या मागे उभी होती. ती खाली वाकली आणि तिनेच प्लग ओढला. नेट बंद पडलं. पुन्हा लावला. मशीन उठलं, मी ड्रायव्हर चढवला, नेट आलं. तिने पुन्हा ओढला. असं किती वेळा केलं कोण जाणे. चहा आला आणि निवला. शेवटी ती सरळ उभी राहिली आणि माझ्याकडे बघून होकाराची मान डोलावली.

मी रिकनेक्शन मेमो लिहिला. खाली माझं स्वतःचं नाव. कुंदाताईने चष्मा लावून तो सावकाश वाचला, अगदी पहिल्यापासून, आणि पेन हातात धरून थांबली.

“वेळ टाकली नाही तुम्ही,” ती म्हणाली. “हे नेहमी टाकत.”

सातला दहा कमी होते. मी वेळ टाकली. मग तिने सही केली.