आम्हाला पाहुणे केलं त्या दिवशी

आम्ही नगराकडून, इंग्रजी मुलखातून, अंबडजवळच्या एका खेड्यात आल्तो. माझे मालक शिंपी. गावात बंड्या-चोळ्या शिवणारं कुणी नव्हतं, म्हणून गावानंच ठेवून घेतलं. पाच वर्सं पाटलाच्या गोठ्यात संसार केला. इकडं आम्ही, तिकडं म्हैस. म्हैस जास्त समजूतदार. तिनं कधी 'तुम्ही कुठले' म्हणून इचारलं न्हाई.

मंग मला दिवस गेले, अन् गावठाणात घरापुरती जागा मागायचं ठरलं. अर्ज तहसिलीत गेला. तिथला कारकून म्हणाला, तुम्ही गैरमुल्की, निजामाच्या मुलखाबाहेरचे. गावात मुरलेले असाल तरच जागा मिळंल, अन् ते बघायला पटवाऱ्यांवरचे गिरदावरसाहेब येतील. साहेबानं न्हाई लिहिलं तर माझं बाळंतपण म्हशीशेजारी, हे ठरलेलंच.

साहेब येणार म्हणताच गाव हुरळलं. माया खरी होती त्यांची, अक्कल तेवढी कमी पडली. आपण या लोकांना किती मानतो ते साहेबाला दिसलं पाहिजे, असं पाटलाच्या डोक्यात आलं. त्या दिवशी मालकाला पाय धुवायला पाणी दिलं, नव्या घोंगडीवर साहेबाशेजारी बसवलं, पाटलाच्याही आधी वाढलं. मला आत पाटावर बसवून पाटलीणबाईंनी शेवयांची खीर पुढं केली. पाच वर्सांत या बाईनं मला भाकरी थापल्याबिगर चुलीपुढून उठू दिलं नव्हतं. त्या दिवशी म्हणती, "तुम्ही बसा वो, कशाला हात लावू नका."

ओसरीवर साहेबानं हे सगळं बघितलं अन् पटवाऱ्याला सांगितलं, "ये तो मेहमान हैं. लिखो, गांव के नहीं." पटवाऱ्यानं तसं लिहिलं.

माझं डोकं फिरलं. पदर सावरून मी उंबऱ्यात उभी राह्यले.

"पाटलीणबाई, पाच वर्सं तुमच्या चुलीचा धूर खाल्ला, अन् आज मला पाहुणी करता व्हय? राहू द्या तुमची खीर."

बाईंनी पदर कमरेला खोचला. "खीर ऱ्हाऊ दे म्हणं. आधी माझी चाळणी आण. दिवाळीला नेली, शिमगा झाला. अन् तुझ्या नवऱ्यानं चोळीची एक बाही आखूड शिवली, तीच घालून मी गावात हिंडून राह्यले."

मंग काय, गावाला तोंड फुटलं. आमच्या शेळीनं शेजारणीचा वेल खाल्ल्याचं निघालं. मी आडावर दोर सोडत न्हाई, हे निघालं. मालक बंडीचा वायदा कधीच पाळत न्हाईत, हे तर खुद्द पाटलानंच सांगितलं. मी एकेकाला बराबर उत्तर दिलं, बिलकुल मागं हटले न्हाई.

साहेब जेवायचे थांबले. पटवाऱ्याला म्हणाले, "काटो वो. मेहमान से इतना कोई नहीं झगडता. गांव के लिखो."

पटवाऱ्यानं खोडलं, नवं लिहिलं, साहेबानं सही केली. जागा मिळाली. मी उंबऱ्यातूनच पटवाऱ्याच्या कागदाकडं बघत होते. तर पाटलीणबाईंनी खिरीची पळी माझ्या हातात कोंबली.

"बघत काय बसलीस? वाढायला लाग, माणसं खोळंबलीत."

गोठ्यात राहून पाच वर्सांत मी कधी रडले नव्हते. त्या दिवशी पळी हातात घेऊन रडले. पोट पुढं आलेलं, पातेलं जड, पर शेवटच्या माणसापर्यंत मीच वाढलं.