फाटकावरची झडती

"केस सोड," सुपरवायझर म्हणाला.

संध्याकाळचे पाच वाजले होते. यवतमाळला लागून लोहाऱ्याच्या एमआयडीसीतली जिनिंग, सरकी काढून कापसाची रुई करायचा कारखाना. आम्ही तीस बाया फाटकाशी रांगेत. रोजचंच होतं ते. कापूस लपवून नेऊ नये म्हणून पदर झटकायचा, अंबाडा सोडायचा, मान खाली घालून केस हलवून दाखवायचे. मग घरी.

पण त्या दिवशी कॉलेजची पोरं आली होती, शहर कसं वाढलं ते शिकायला. मालक आमच्याकडे पाठ करून सांगत होता, "हे यवतमाळ आमच्या जिनिंगनं उभं केलं. आधी इथं होतं काय?"

माझी माय होती. तेव्हा जिनिंग आताच्या शहराच्या मधोमध होती. माय कापसातला कचरा वेचायची. त्या जिनिंगच्या आजूबाजूनं बाजार बसला, अडत्यांची दुकानं आली, बँक आली, बंगले आले. मग बंगलेवाल्यांना धूळ सोसवेना. जिनिंग इकडे हलली, तिथं कॉम्प्लेक्स झालं. माय खोकून खोकून गेली. तिच्या छातीत गेलेल्या रुईची झडती कोणी घेतली नाही.

एका पोरानं मोबाईल काढून माझ्यावर धरला. लाजेनं मेल्यासारखं झालं. आणि लगेच त्या लाजेचाच संताप आला. मी काय चोरलं होतं?

"नाही सोडत," मी म्हटलं.

"तुले काम नाही पाह्यजे का?"

"पाह्यजे. पण केस नाही सोडत."

मागून म्हातारी सुमनबाई कुजबुजली, "सोड ना वं माय. काम जाईन तुयं."

मालक वळला. पोरांकडे बघून हसला. "अडाणी बाया आहेत. चालायचंच."

मी त्या पोरांना म्हटलं, "हे बी लिहून घ्या. ज्यायनं शहर वाढवलं, त्या बायांले रोज चोर समजून तपासतेत."

कोणी लिहिलं नाही. मी अंबाडा न सोडताच फाटकाबाहेर पडले. माझ्यामागे उभ्या सुमनबाईनं केस सोडले. मग बाकीच्यांनीही.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझरनं मला फाटकातच अडवलं. म्हणाला, "माफी माग, घेतो कामावर."

"माफी तुमी मागा," मी म्हटलं आणि परत फिरले.

आता दुपारपर्यंत बांधकामावर विटा वाहते. खांदे सोलून निघतात, भीतीही वाटते. पण पाच वाजता मी त्या फाटकासमोर, रस्त्याच्या कडेला उभी असते. आत एकेक बाई केस सोडते. मी बघते. तीही मला बघते आणि नजर खाली घालते. वॉचमननं दोनदा हाकललं. मी हटले नाही. एखादी अंबाडा न सोडता बाहेर आली, तरी त्या दिवशीही हटणार नाही. उरलेल्या एकोणतीसच्या एकोणतीस तशा बाहेर येईपर्यंत मी इथंच उभी आहे.