पायपेटीचा पाय

आमच्या आखाडा बाळापूरच्या ऑर्केस्ट्रात खाजा मिया, आमचे चाचा, कीबोर्ड वाजवतात, मी गाते. आधी त्यांनी जन्मभर पायपेटी वाजवली. हात सुरांवर, पाय भात्यावर. पेटी गेली, पायाची खोड न्हाई गेली.

वारंगा फाट्याच्या लग्नात मी कीबोर्डचे दोन भाग लावून दिले होते: डाव्या हाताला पेटी, उजव्याला सनई. खाली सूर लांबवायचं पेडल. चाचांनी ते भात्यासारखं दाबायला घेतलं आणि सनईचे सूर एकमेकांत अडकून नुसता गोंगाट झाला. माझं गाणं बुडालं. मी माईकवरच ओरडले, "चाचा, पाय उचला!"

त्यांनी पाय उचलला आणि हातच अडखळायला लागले. शाळेतलं लेकरू वाजवतंय असं वाटलं. चाचांचं तोंड एवढंसं झालं. मला माझाच राग आला.

पंगत बसली तेवढ्यात मी सेटिंग बदललं. पेडल सनईपुरतं बंद, पेटीपुरतं चालू. "आता दाबा किती दाबायचं ते."

मग चाचांचा पाय चालत राहिला. डावीकडं पेटी भरून येत होती, वर सनई मोकळी.

कार्यक्रम संपल्यावर मी वायर काढली, कव्हर आणलं. चाचा बंद कीबोर्डच्या चार-पाच पट्ट्या एकदम दाबून बसले होते.

"बंद केलंय, चाचा."

"व्हय. पण आत हवा ठिवून झाकण लावलं तर भाता खराब व्हतो, बेटी."

मी कव्हर हातात धरून, हवा निघेस्तोवर थांबले.