शिरक्याचं पॅनेल

हिवरखेडजवळच्या शेतात दादाने शिरक्यासाठी, म्हणजे व्हिनेगरसाठी, घरीच बनवलेलं विजेचं पॅनेल फेब्रुवारीत बिघडलं. मी अकोल्याच्या वर्तमानपत्रातली नोकरी नुकतीच सोडली होती. माझ्याकडे वेळ होता आणि व्होल्ट मोजायचा मीटर होता, म्हणून मला बोलावणं आलं.

पॅनेल म्हणजे प्लायवूडच्या फळीवर जादा करंट आला की पडणारा एक एमसीबी, तापमानाचा कंट्रोलर आणि हीटर चालू-बंद करणारा कॉन्टॅक्टर. व्यापारी घेत नाही ती बारीक संत्री, म्हणजे चुरी, पिळून दादा ड्रममध्ये शिरका लावायचा. रस तीस अंशांजवळ ठेवावा लागे. थंड पडला की बुरशी धरते. शेतातली लाइन आठ तास असे. तेवढ्यात रस तापवायचा आणि ड्रम गोणपाटात गुंडाळून ठेवायचा. ड्रममधलं जामन, म्हणजे शिरक्याचं विरजण, दादाने दोन हिवाळे जपून वाढवलं होतं. त्याच्याकडे दुसरं नव्हतं.

कंट्रोलरने हुकूम दिला की कॉन्टॅक्टर खट्कन लागे, लगेच सुटे, पुन्हा लागे. एमसीबी पडत नव्हता. हीटर बंद ठेवून मोजलं तर दोनशे तीस व्होल्ट. पहिल्या दिवशी कॉन्टॅक्टर बदलला. दुसऱ्या दिवशी अकोटहून नवा कंट्रोलर आणला, सगळे स्क्रू उकलून पुन्हा आवळले. खडखड तशीच. थंडी पुन्हा पडली होती. रस चोवीसवर आला.

"पेपरात तं लय लिवत होता, कुठं काय बिघडलं ते," दादा म्हणाला. "आता सांग ना, काहून बिघडून राहिलं?"

"मले नाही समजून राहिलं."

"मंग त्या मीटरले तरी इचार."

तिसऱ्या दिवशी वहिनी डबा घेऊन आली आणि ओलं गोणपाट वाळत घालायला शेडच्या मागे गेली. तिथून तिची हाक आली.

"अवो, इथं पायाले झिणझिण्या येऊन राहिल्या!"

"चप्पल घाल," दादा म्हणाला.

"जमिनीत करंट सोडला तुमी अन् चप्पल म्या घालू? भाऊजी, तुमी या बरं इकडं."

तिथे जमिनीत लोखंडी सळई ठोकलेली होती. पंपाच्या लाइनला तीन फेज येतात, न्यूट्रल म्हणजे परतीची तार येत नाही. म्हणून एक तार फेजची घ्यायची आणि दुसरी सळईला बांधायची, असे आमच्या शिवारात बल्ब लागतात. बल्बपुरतं ते चालतं. दादाने त्यावर हीटर लावला होता. डिसेंबरात शेजारच्या हरभऱ्याला पाणी सुरू होतं, जमीन ओली होती. आता हरभरा निघाला होता आणि सळईलगत काळ्या मातीला हात जाईल एवढी भेग पडली होती.

वहिनीला बाजूला करून हीटर लावला आणि मोजलं. एकशे चाळीस. बाकीचे व्होल्ट मातीत जात होते. तेवढ्यावर कॉन्टॅक्टर धरून राहत नव्हता, आणि तो सुटला की व्होल्ट पुन्हा चढत होते. तीन दिवस मी फक्त हीटर बंद असताना मोजत होतो.

दादाने सळईवर मिठाच्या पाण्याची बादली ओतली. कॉन्टॅक्टर लागला आणि लागलेला राहिला.

"अन् उद्या कोनी इथं पाय ठेवला तं?" वहिनीने विचारलं.

"पाटी लावतो."

"बकरीले वाचता येते का?"

दादाने एमसीबी पाडला आणि सळईची तार स्वतःच सोडली. वायरमनला फोन केला. न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरच्या डीपीवरून आणावं लागेल, मध्ये चार शेतं आहेत, अर्ज द्या, तो म्हणाला.

मग चुलीवर पाणी तापवून बाटल्या भरल्या आणि त्या ड्रममध्ये सोडल्या. दोन तासांत थर्मामीटरचा काटा अर्धा अंश चढला. सकाळी रस एकोणीसवर होता.

पाचव्या दिवशी झाकण काढलं तेव्हा रसावर करडी लव आली होती. दादाने कोपरापर्यंत हात घालून जामन वर काढलं. ते त्याच्या बोटांतून तुटून खाली पडलं.

"वाचंल का थोडं?" त्याने मला विचारलं.

मला ठाऊक नव्हतं. तसं मी सांगितलं. त्याने पुन्हा हात आत घातला आणि तळाशी चाचपत राहिला.