वामनच्या पिकअपला काळा कोट

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. गाडीखालच्या चिखलासारखे ते रोज थोडे थोडे चिकटत जातात. एक दिवस खरवडायला घ्यावं, तर घमेलंभर निघतात! माझंही तसंच झालंय. नागपुरात नंदनवनच्या पुढं आमचं टिनाचं शेड आहे. शेडात एक लांब खड्डा आहे. गाडी खड्ड्यावर उभी करायची आणि आपण पायऱ्या उतरून खाली जायचं. पंचवीस वर्षं मी त्या खड्ड्यात उभा आहे. लोक वर पाहून देवाला हात जोडतात. मी वर पाहतो, तर चेसिस!

काम काय, तर जुन्या पिकअपच्या पोटाला डांबरासारखा काळा कोट स्प्रेनं मारायचा. म्हणजे लोखंडाला पाणी लागत नाही आणि जंग चढत नाही. मी कोट मारतो, भास्कर वेल्डिंग करतो. मी बोलतो, भास्कर बोलत नाही. अशी आमची वाटणी आहे. मला सगळे मामा म्हणतात, माझ्यापेक्षा म्हातारे असलेलेसुद्धा. शाळा सातवीत सुटली, खोड्या काही सुटल्या नाहीत.

पण आज सांगायला बसलो तो वामनच्या पिकअपमुळं. तिच्यापर्यंत येतोच.

* * *

वामन आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. घर दोन गल्ल्या सोडून. पिकअप बारा-तेरा वर्षांची, धंदा मासळीचा. एकदा मला म्हणे, "मामा, नागपुरात समुद्र नाही. मंग माह्या गाडीले एवढा जंग काहून चढते?"

म्हटलं, "समुद्र नाही, पण तू तर रोज मांगं भरून फिरून राहिला ना बे!"

खोटं नाही. मासळीवर बर्फ, बर्फात मीठ, आणि ते खारं पाणी दिवसभर फळ्यांतून खाली टिपटिप. त्याची गाडी खड्ड्यावर लागली की गल्लीतल्या मांजरी शेडात हजर. भास्कर एरवी तोंड उघडत नाही. एक दिवस उघडलं.

"मामा, नऊ हायेत. मांगच्या वर्षी चारच होत्या."

मी हसलो. मग लक्षात आलं. मांजरी वाढल्या म्हणजे गळती वाढली. मी टॉर्च मारला. मागच्या डाव्या चाकाजवळ चेसिसवरचा, म्हणजे गाडीचा भार पेलणाऱ्या लोखंडी सांगाड्यावरचा, जुना कोट फुगला होता, लिंबाएवढा. रस्त्याकडेचं पाणी डावीकडंच उडतं, म्हणून जुनी गाडी आधी तिथंच सडते; कुठल्याही ट्रकवाल्याला विचारा.

"वामन, हे उघडून पाहू दे."

"दिवाळीनंतर, मामा!"

कोणती दिवाळी, ते काही बोलला नाही.

* * *

माझ्या चुकाही सांगतो, नाहीतर म्हणाल म्हातारा दुसऱ्यांचंच काढतो. लकडगंजच्या एका प्लायवूडवाल्या शेठची पिकअप होती. "लवकर, लवकर!" म्हणून माझ्या डोक्यावर उभा. त्या घाईत सायलेन्सरवर कागद बांधायचा राहिला आणि त्याच्यावरही कोट बसला.

शेठ गाडी घेऊन गेला. सायलेन्सर तापला. लकडगंजात पोहोचेपर्यंत गाडीच्या चारही बाजूंनी काळा धूर! आता आजूबाजूला काय, तर लाकूडच लाकूड. "आग! आग!" म्हणून बाजार रस्त्यावर. कुणी बादली आणली, कुणी वाळू. आणि शेठ? शेठ गाडी तशीच सोडून आपल्या गोदामाचं शटर लावायला पळाला!

संध्याकाळी त्याचा फोन. "मामा, तुम्ही काय मारलं गाडीले?"

"कोट."

"कोट नव्हे जी! सरण रचून दिलं तुम्ही!"

* * *

दुसरी चूक रामदासपेठेतल्या एका डॉक्टरांच्या गाडीची. शेतावर जायला त्यांनी जुनी पिकअप ठेवली आहे. दाराच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात. काचेवरून आत गेलेलं पाणी तिथून निथळतं. मी इतका मन लावून कोट मारला की सगळी भोकं बुजली.

पावसाळ्यात डॉक्टर आले. दार हलवून दाखवलं. आत डुबुक डुबुक!

मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, मासे सोडायचे का?"

ते हसले नाहीत. दारावर बोटानं टिचकी मारली, कान लावला आणि म्हणाले, "आमच्यात याला जलोदर म्हणतात."

"आणि तुमच्यात इलाज काय करतात?"

"भोक."

भास्करनं ड्रिल लावलं. बादलीभर पाणी निघालं. डॉक्टरांनी दाराला विचारलं, "आता बरं वाटतं का?"

* * *

आता माझा पेचकस, म्हणजे तुमचा स्क्रू-ड्रायव्हर. याच्यापायीच सगळं रामायण झालं.

जंग कुठवर गेला हे पाहायला आम्ही चेसिसला पेचकस टोचतो, ट्रकवाले तर हाती येईल ते. लोखंड चांगलं असलं तर टण्णकन आवाज येतो आणि टोक घसरतं. सडलेलं असलं तर टोक आत जातं. मी काय केलं, एका पेचकसाची मूठ पोकळ करून आत स्प्रिंग घातली. दाबलं की पातं मुठीत सरकतं. पाहणाऱ्याला वाटतं, गेलं चेसिसमध्ये! "खच्च" असा आवाज मी तोंडानं काढायचो.

पहिल्यांदा वामनवरच केला. खड्ड्यात बोलावलं, पेचकस टेकवला, "खच्च!" वामन पायरीवरच बसला. घामानं शर्ट चिपकला.

"आता सिंधूले काय सांगू, मामा?" सिंधू म्हणजे त्याची बायको.

मी स्प्रिंग दाखवली. मग त्यानं चप्पल हातात घेऊन मला शेडाभोवती तीन चकरा पळवलं. पण पठ्ठ्याला खोडी इतकी आवडली की नवं गिऱ्हाईक दिसलं की आपणच म्हणे, "मामा, यांची गाडी टोचून पाहा बरं!" त्याच्या स्वतःच्या गाडीवरही मी आणखी तीनदा केला. तो दर वेळी नव्यानं दचकायचा आणि नव्यानं हसायचा.

त्या हसण्याच्या नादात तो लिंबाएवढा फुगा खरा कधी टोचलाच नाही. त्यानं नाही, मीही नाही.

* * *

मग ती शनिवारची दुपार. वामन गाडी घेऊन आला, अंगात नवा शर्ट.

"मामा, उद्या रूपाचं साक्षगंध आहे, उमरेडले. घरचे चौदा जण मांगं बसतीन. मस्त काळा कुळकुळीत कोट मारून द्या." रूपा म्हणजे त्याची पोरगी, साक्षगंध म्हणजे तुमचा साखरपुडा.

"साक्षगंधाले गाडीचं पोट कोण पाहते गा?"

"पोराचा बाप! तीस वर्षं ट्रक चालवला त्यानं. तो माणसाचं तोंड मांगून पाहते, गाडीचं पोट आंधी!"

मी हसत हसत खड्ड्यात उतरलो. वर पाहिलं. लिंबाचा आता तळहात झाला होता. कोट ओढला तर तो सालीसारखा निघून आला आणि त्याच्यामागून जंगाचे पापुद्रे, एकाखाली एक, माझ्या तोंडावर. मी खरा पेचकस घेतला. टेकवला.

तोंडानं आवाज काढला नाही. पेचकसाचाही आला नाही. गुळाच्या ढेपेत जावा तसा मुठीपर्यंत गेला.

मी तसाच उभा राहिलो. चौदा जण. त्यात रूपा, त्यात तिची म्हातारी आजी. आणि उमरेड रोड.

"वामन," मी म्हटलं, "गाडी सडली."

वरून असं हसू आलं की मांजरी पळाल्या. "पाचव्यांदा, मामा! पाचव्यांदा!"

"अबे, हा खरा पेचकस आहे!"

"मांगच्या येळी बी खराच म्हणे तुम्ही!"

मी वर येऊन पेचकस त्याच्या हातात दिला. त्यानं भिंतीवर दाबून पाहिला. पातं सरकलं नाही. त्याचं हसू थोडं कमी झालं. मग म्हणे, "दुसरी स्प्रिंग कुठं तरी लपवली असन."

भास्कर पुढं आला. म्हणाला, "वामनभाऊ, खरं आहे."

"भास्कर बोलला? मंग तर पक्की मस्करी!"

मी म्हटलं, खड्ड्यात उतर, आपल्या हातानं टोच. तो काही उतरेना. म्हटलं, मी कोट मारणार नाही. तर त्यानं स्प्रेची गनच उचलली. "मी मारतो. तुम्ही बसा."

"वामन, त्या कोटाखाली काही उरलंच नाही गा!"

"मामा," तो हळूच म्हणाला, "उद्याच्या दिवस मस्करी नोका करू. येवढ्या एका दिवस."

गन त्यानं खाली ठेवली नाही. जन्मभर लोकांना खोटं बोलून घाबरवलं, आणि आज खरं सांगायला माझ्याजवळ एक अवजार नाही!

मी सिंधूला फोन लावला. "सिंधू वं, लोखंडाचं काहीही घेऊन शेडात ये. तुह्या घरचं. माह्या शेडातलं नाही चालत."

ती उद्याच्या पुरणपोळ्या भाजत होती. तशीच आली, पिठाच्या हातानं, हातात सराटा. सराटा म्हणजे तुमचं उलथनं. कारण विचारलं नाही. मी बोटानं दाखवलं, मागचं डावं चाक. तिनं पदर खोचला आणि पायऱ्या उतरली.

वामन वरून ओरडला, "सिंधू, मामाच्या नादी नोको लागू वं!"

खालून आवाज नाही. टण्ण नाही, खच्च नाही. भास्करनं वेल्डिंगचा चष्मा डोळ्यांवरून काढला आणि हातात धरून उभा राहिला.

सिंधू वर आली. दोन्ही हात रिकामे.

वामननं विचारलं, "सराटा?"

"गाडीतच राहिला."

वामन वाकला. चेसिसमधून नुसता दांडा लोंबत होता. तो पायरीवर बसला, पहिल्या खेपेला बसला होता त्याच पायरीवर. मग माझ्याकडं पाहिलं.

"मामा, आता काहून नाही हसून राहिले?"

* * *

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे बसनं उमरेडला गेलो. मीही गेलो, सिंधूनं चलाच म्हटलं होतं. मांडी घालून बसायची सवय आहे, पण त्या सीटवर मला रस्ताभर नीट बसवेना. प्रत्येक खड्ड्याला मी मागं वळून मोजायचो. चौदा. पुन्हा चौदा.

पोराचा बाप दारातच उभा होता. उंच माणूस, पांढरा शर्ट, बाह्या वर केलेल्या. आम्ही चालत येताना दिसलो तरी त्याची नजर आमच्या मागं रस्त्यावर. गाडी शोधत होता.

"पिकअपनं येणार होते ना तुम्ही? काय झालं?"

वामन खाली पाहू लागला. मी, सगळ्यांना उत्तरं देणारा मामा, चपलेचा अंगठा पाहू लागलो.

सिंधूनं पदर सारखा केला. म्हणाली, "काही नाही, भाऊ. सराटा अडकला."

त्या माणसानं तिच्याकडं पाहिलं. मग रूपाकडं. मग आजीकडं, जी एवढं चालून दम खात होती. मग वामनच्या जवळ आला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि एकदम हळू आवाजात विचारलं,

"मांगच्या डाव्या बाजूनं?"