मुलीला मुंबई दाखवली तो दिवस

मुलीला ऑपरेशनचं सांगायचं नाही, असं आमच्या घरात ठरलं होतं. ठरवलं नवऱ्याने, बाकीच्यांनी माना डोलावल्या. ती तेव्हा आठ वर्षांची. हृदयाला जन्मापासून छिद्र. आपोआप बुजेल म्हणून वाट पाहिली, ते काही बुजलं नाही, आणि शेवटी परळच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी तारीख दिली. रविवारी ॲडमिट, सोमवारी ऑपरेशन. आम्ही कुडाळकडचे. मुंबईत उतरलो तेव्हा मुलीची समजूत अशी की एक तपासणी करायची आणि जमलं तर मुंबई बघायची. जमलं तर कसलं, नवऱ्याने शनिवारचा अख्खा दिवस त्यासाठीच मोकळा ठेवला होता.

मला विचाराल तर हे न सांगणं सोयीचंच होतं. उद्या-परवा तुझी छाती उघडणार आहेत, हे आठ वर्षांच्या पोरीला कुठल्या शब्दांत सांगतात, ते मला अजून कळलेलं नाही. कुणाला कळलं असेल तर त्याने सांगावं.

उतरलो होतो लालबागला, मोठ्या दिरांच्या चाळीतल्या खोलीत. सासरेही बरोबर आले होते. त्यांची सगळी उमर गिरणीत गेली, आणि गिरणी बंद पडल्यावर खोली थोरल्याच्या ताब्यात देऊन ते गावी परतले. नातीला मुंबई दाखवणार तर मीच, हा त्यांचा हट्ट. त्यामुळे शनिवारी सकाळी टॅक्सीत पुढे सासरे, मागे आम्ही तिघं. आता त्यांची मुंबई म्हणजे सगळी नसलेली. "हय आमची गिरण होती," ते बोट दाखवायचे. मुलगी मान वाकडी करून वर बघायची, तर तिथे काचेची उंच इमारत.

"कुठे आजोबा?"

"होती गो."

असं परळ-लालबागच्या रस्त्यांवर निदान पाच-सहा वेळा झालं. टॅक्सीवाला हसायला लागला, मग तोही सांगायला लागला की त्याच्या मामाची गिरणी कुठे नाही ते.

राणीच्या बागेत पेंग्विनसाठी रांग होती. तिला उभं राहून दम लागायचा, म्हणून नवऱ्याने तिला कडेवर घेतलं. एवढी मोठी मुलगी कडेवर, लोक बघत होते. काचेपाशी पोचलो तर तिने दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाली, "झालं, आता वाघ." वाघ झोपलेला होता. त्याला बघून ती म्हणाली, आता समुद्र. पोरांचं असंच असतं, एका जागी पाय कधी ठरत नाही. नवरा मात्र मोबाइलवर फोटोंवर फोटो काढत होता. पिंजऱ्यांचे नाहीत, तिचे. बाकावर बसलेली, पाणी पिणारी, नाक पुसणारी. मी म्हटलं, "अहो, बॅटरी संपेल." त्याने ऐकलं नाही, आणि मीही पुन्हा म्हटलं नाही.

दुपारी हिंदमाताच्या कापडबाजारात गेलो. तिला टिकल्यांचा, डोक्यातून घालायचा फ्रॉक हवा होता. मला पुढून बटणं असलेला हवा होता, कारण ऑपरेशननंतर हात वर करता येणार नाहीत, असं नर्सने सांगितलेलं. दुकानदार बिचारा टिकल्यांचे फ्रॉक पुढे करत होता आणि मी बाजूला सारत होते. "ताई, मुलीच्या मनासारखं घ्या की," असं तो म्हणाला तेव्हा माझं डोकं फिरलं. त्याला फाडकन काहीतरी बोलले. काय बोलले ते आठवत नाही, पण त्याने टिकल्यांचे फ्रॉक उचलून आत ठेवले. शेवटी बटणांचा घेतला. मुलगी रुसून बसली ती गिरगाव चौपाटी येईपर्यंत.

चौपाटीवर दुसरी रड. तिला गोळा हवा, आणि डॉक्टरांनी बजावलेलं की सर्दी-खोकला झाला तर तारीख पुढे जाईल. बाहेरचंही काही खायचं नाही. म्हणजे भेळ नाही, गोळा नाही, काही नाही. आम्ही वाळूत चादर पसरून जाऊबाईंनी दिलेला घावणे-चटणीचा डबा उघडला. चौपाटीवर येऊन डब्यातले घावणे खाणारं आमच्यासारखं कुटुंब त्या दिवशी दुसरं नसणार.

"घसा बसेल," नवरा तिची समजूत घालत होता.

"बसू दे," ती म्हणाली. तिचंही काही चुकत नव्हतं.

संध्याकाळी लालबागला परतलो तर जाऊबाईंनी देव्हाऱ्यापुढे पाट मांडून नारळ ठेवलेला. सासऱ्यांनी जाताना सांगून ठेवलं होतं, आज गाऱ्हाणं घालायचं. मी घाटावरची, साताऱ्याकडची. आमच्यात देवापुढे हात जोडायचे आणि काय ते मनात म्हणायचं. कोकणात तसं नाही. घरातला मोठा माणूस देवाशी मोठ्याने बोलतो, सगळं उलगडून सांगतो, आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे "होय म्हाराजा" म्हणतात. ज्याच्यासाठी गाऱ्हाणं, तो पुढ्यात उभा हवा. आणि देवाला अर्धवट सांगून चालत नाही, हे तर माझ्या सासऱ्यांचं ठाम मत. लग्न होऊन आले तेव्हा मला याचं हसू यायचं. मुलीला मात्र गाऱ्हाणं फार आवडायचं. गावी तिचा "होय म्हाराजा" सगळ्यांच्या वरचा असायचा.

दिवसभर आम्ही सगळे तोंडाला कुलूप लावून फिरलो होतो. आणि तरी एकाच्याही डोक्यात आलं नाही की आता काय होणार आहे. ज्याने सगळ्यांना दम भरला होता, त्या माझ्या नवऱ्यानेच तिचे हात-पाय धुतले आणि तिला पाटापुढे नेऊन उभं केलं. आयुष्यभराची सवय, दुसरं काय.

सासऱ्यांनी डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकरान तुझ्या पुढ्यात नारळ ठेवलो हा."

"होय म्हाराजा." सगळे. मुलगी सर्वांत मोठ्याने.

"तो मान्य करून घी."

"होय म्हाराजा."

"माझ्या ह्या नातीच्या काळजाक भोक आसा म्हाराजा. सोमवारी डाक्टर तिची छाती उघडूचे आसत."

कुणाच्याच तोंडून शब्द फुटला नाही. दीर खाली बघत राहिले, जाऊबाईंनी पदर तोंडाला लावला. मुलीने एकदा मागे वळून आमच्या सगळ्यांकडे पाहिलं. मग पुढे तोंड करून ती एकटीच म्हणाली, "होय म्हाराजा."

सासऱ्यांना काही कळलं नाही, डोळे मिटलेलेच. "डाक्टराच्या हाताक यश दी."

"होय म्हाराजा," ती.

"आणि माझ्या चेडवाक सुखरूप परत घरी हाड."

"होय म्हाराजा," ती.

मग नवरा बापावर भडकला. "कशाला बोललात?" सासरे आधी गोंधळले, मग त्यांच्या ध्यानात आलं, आणि ते पाटाशेजारी मटकन खालीच बसले. "देवाक खोटा कसा सांगू रे," एवढंच म्हणाले.

ऑपरेशन व्यवस्थित झालं, हे इथेच सांगून टाकते. वाचणाऱ्याचा जीव उगाच टांगणीला कशाला. ती आता कॉलेजात जाते आणि मला उलट उत्तरं देते. पण त्या संध्याकाळी हे आम्हाला माहीत नव्हतं.

जेवणाआधी ती गॅलरीत कठड्याला टेकून उभी होती. मी जवळ गेले. ती रडत नव्हती.

"आजोबा म्हणाले, परत घरी आण," ती म्हणाली. "म्हणजे काही मुलं परत येत नाहीत?"

छे, काहीतरीच काय, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं. "एखादं," मी म्हटलं. "बाकी सगळी येतात."

तिने विचार केला. खाली चाळीच्या आवारात पोरं क्रिकेट खेळत होती, तिकडे बघत राहिली.

"म्हणून आज मला सगळं दाखवलंत?"

"हो," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं. दिवसभर आलं नव्हतं ते सगळं आलं.

ती माझ्याकडे बघत होती. घाबरलेली नव्हती, चिडलेली होती.

"मग सकाळीच सांगायचं ना, आई," ती म्हणाली. "मी नीट बघितलं असतं."