नसीमआपाचा लाल ठिपका

फोन आला तेव्हा मी बीड बायपासजवळच्या एका बंगल्यात शिडीवर उभा होतो. नंबर ओळखीचा नव्हता. "दत्ताचाचा, मैं इम्रान. अम्मी गुजर गई," एवढंच पलीकडून कोणीतरी म्हणालं आणि मी फोन कट केला. वाचणाऱ्याला हे विचित्र वाटेल, पण हे मला आपानंच शिकवलं होतं. अनोळखी नंबरवरून कोणी काही सांगितलं, मग तो कितीही आपलं नाव घेऊन बोलो, फोन ठेवायचा आणि आपल्याकडं असलेल्या नंबरवर आपण स्वतः लावायचा. मी आपाचाच नंबर लावला. वाटलं, ती उचलेल आणि म्हणेल, "शाबास रे, फसला नाहीस." फोन उचलला इम्राननं, तिच्या मुलानं. मघाशी त्यानं मेव्हण्याच्या मोबाइलवरून फोन केला होता, आणि तो रडत होता... दुपारी नमाज पढून उठताना छातीत दुखलं आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी शिडीवरून कसा उतरलो ते आठवत नाही. बंगल्याच्या मालकीणबाईंनी पाणी दिलं आणि विचारलं, "कोण होत्या तुमच्या?" भागीदार म्हणावं तर ते फार कोरडं वाटत होतं आणि बहीण म्हणावं तर पुढं दहा प्रश्न आले असते.

नसीमआपा माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी. आमची गाठ पडली ती शेंद्र्याच्या एका कारखान्यात. मी लासूर स्टेशनहून येणारा, ती शेंद्र्यालगतच्या गावातली. मी कंट्रोल पॅनलचे स्क्रू कसायचो आणि ती पुढच्या टेबलावर बसून माझे स्क्रू तपासायची. बरोबर कसलेला असेल तर त्यावर रंगाचा एक ठिपका लावायचा, हे तिचं काम. पेटी नंतर कोणी उघडली तर तो ठिपका तडकतो, लपवता येत नाही. पहिल्याच आठवड्यात तिनं माझ्या अर्ध्या पेट्या परत पाठवल्या. मी भांडायला गेलो, तर मान वर न करता म्हणाली, "भय्या, तुझ्यावर भरोसा हाय. तुझ्या हातावर नाय." कारखान्यातलं आमचं कंत्राटाचं काम बंद पडल्यावर आम्ही दोघांनी सिडकोत शटरचा एक गाळा घेतला आणि घरांना चोरीचे अलार्म बसवायला लागलो. घरात बायामाणसं एकटी असली तरी आपाला बघून दार उघडायची. मला बघून साखळी लावायची. ते योग्यच होतं असं आपाचं मत.

कारखान्यातला ठिपका आपानं धंद्यात आणला. रंगाऐवजी लाल नेलपॉलिश. गुलमंडीतल्या एका बांगड्यांच्या दुकानातून ती बाटली आणायची आणि दुकानवाली बाई हमखास विचारायची, "आपा, लई बाटल्या नेता, बोटाला तर कधी दिसत नाय?" आपा नमाज पढणारी. नेलपॉलिश लावलं की नमाजाआधी हातपाय धुतात त्या वजूचं पाणी नखाला लागत नाही, म्हणून स्वतःच्या बोटाला तिनं ते कधीच लावलं नाही. शहरातल्या कितीतरी पेट्यांचे स्क्रू मात्र तिनं सजवून ठेवलेत. त्यात नियम एकच आणि तो मोडायचा नाही. ज्यानं कसलं त्यानं ठिपका लावायचा नाही. मी कसायचो, बाजूला व्हायचो, ती प्रत्येक तार ओढून बघायची, झाकण लावायला सांगायची आणि मग छोट्या ब्रशनं ठिपका. एखाद्या दिवशी मला ताप असला आणि तिनं स्वतः कसलं, तर ठिपका लावायला मी येईपर्यंत ते घर ती पुरं झालं म्हणायची नाही.

आमच्या धंद्यातल्या लोकांविषयी तिला भारी संशय, आणि खरं सांगायचं तर मलाही आहे. चोरापासून वाचवायला आलेला माणूस घरातली प्रत्येक खिडकी, प्रत्येक कडी, कपाट कुठल्या खोलीत ते सगळं बघून जातो. त्याला कोणी काही विचारत नाही. कितीतरी जण कारखान्यातून आलेला चार शून्यांचा कोड तसाच ठेवून निघून जातात. कोणी सेन्सर ऐन उन्हाच्या खिडकीसमोर लावतो, मग तो रोज दुपारी बोंबलतो आणि घरचे वैतागून बंद करून टाकतात. काही शहाणे तर काम झालं की घराचा फोटो काढून मोबाइलच्या स्टेटसला ठेवतात, 'आज अमुक साहेबांकडे'. "चोराला पत्ताच देतंय बेणं," आपा म्हणायची. तिची रीत अशी, की घरचे कोड टाकत असताना आम्ही दोघं अंगणात पाठ करून उभे. पण गिऱ्हाईकही काही कमी नसतं. काकडेकाकूंनी आतून आनंदानं ओरडून सांगितलं होतं, "आपा, लग्नाचं वर्ष ठेवलं हो, लक्षात राहतं!" आपा बाहेरूनच म्हणाली, "काकू, बदला. आता माझ्याबी लक्षात राहिलं."

याच काकड्यांचं घर आम्हाला भोवलं.

काकडे सर कॉलेजातून निवृत्त झालेले, नवराबायको दोघंच. ते गंगापूरला एका लग्नाला गेले आणि परत आले तर मागचं दार फोडलेलं, कपाट उचकटलेलं, काकूंच्या आईची मोहनमाळ गेलेली. अलार्मच्या घरातल्या पेटीवर, म्हणजे पॅनलवर, लाल दिवा लुकलुकत होता, म्हणजे सेन्सरनं चोराला पाहिलं होतं. पण बाहेरचा हूटर, म्हणजे भिंतीवर उंच लावलेला भोंगा, तो काही वाजला नाही. शेजारीपाजारी कोणी काही ऐकलं नव्हतं. आम्ही धावत गेलो. पॅनलच्या झाकणाच्या स्क्रूवर आपाचा ठिपका जसाच्या तसा होता. ठिपका शाबूत याचा अर्थ आमच्यानंतर पेटी कोणी उघडलेली नाही. हूटरची तार आतून सुटली असेल तर ती आमच्या दोघांपैकी कोणीतरी सुटू दिली. पंचनाम्याला आलेल्या हवालदारांनीही तेच ताडलं. "शिक्का तर तुमचाच दिसतोय," ते शांतपणे म्हणाले, "पंचनामा पुरा होईस्तोवर हात लावू नका."

ते मधले दिवस मला अजून खुपतात. कॉलनीच्या ग्रुपवर आमची नावं फिरली. ज्यांनी काम सांगून ठेवलं होतं त्यांनी फोन उचलणं बंद केलं. काकड्यांच्या मेव्हण्यांनी मला काहीच विचारलं नाही, आपाला मात्र विचारलं, "तुम्ही राहता कुठं? कोणत्या मोहल्ल्यात?" तिनं पत्ता सांगितला, अगदी घर नंबरासकट. मी चिडून काही बोलणार तर तिनं डोळ्यानंच गप्प केलं. धंद्यातल्याच एकानं फोनवर सल्ला दिला, की हळूच नखानं ठिपका खरवडून टाका, म्हणजे कोणीतरी पेटी उघडली असं म्हणायला मोकळे. आपानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग आजवर लावलेले सगळेच खोटे झाले की रे. लोकांनी कशाला बघून झोपायचं?" तिच्यापाशी गमवायला दुसरं काही नव्हतं, तो ठिपका हीच तिची अब्रू होती. आणि आता तोच तिच्याविरुद्ध साक्ष देत होता.

पण कॉलनीचं सोडा. दुकानात आम्ही दोघं समोरासमोर बसायचो. हूटरची तार मी जोडली होती आणि ती तपासली तिनं होती. मी तिच्याकडं बघून विचार करायचो, हिनं त्या दिवशी खरंच ओढून पाहिली का? की घाईत नुसताच ठिपका टेकवला? मग त्याहून वाईट विचार यायचा, तो इथं लिहीत नाही, पण आला होता. तीही चहाच्या कपावरून माझ्या हातांकडं बघायची... माझ्या हातांकडं, तोंडाकडं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिनं टेबलाच्या खणाला कुलूप लावलं आणि किल्ली सोबत नेली. त्या खणात नेलपॉलिशच्या बाटलीशिवाय काही नसायचं. मला इतका राग आला की घरी सुनंदाजवळ मी दुकान मोडायची भाषा केली. सुनंदा म्हणाली, "ती तुमच्यावर संशय घेती म्हणून राग आला, का तुम्हीबी घेताय म्हणून?" बायकोला असले प्रश्न नेमके सुचतात.

पंचनामा झाला आणि पेटी उघडायची परवानगी मिळाली. काकडे सर, काकू, मेव्हणे, हवालदार, शेजारचे दोघंतिघं, असा सगळा दरबार. आपानं स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला नाही आणि स्वतःही घेतला नाही. हवालदारांना म्हणाली, "साहेब, तुम्हीच उघडा. आम्ही दोघं लांब उभे राहतो." ठिपका तडकला, झाकण निघालं. आपानं दुरूनच सांगितलं, "लाल तार ओढा. आता काळी. जोर लावून ओढा." तारा जागच्या हलल्या नाहीत. मी श्वास सोडला, तसाच तिनंही सोडलेला मला ऐकू आला. तेवढ्यात ती चप्पल न घालताच बाहेर पळाली आणि वर बघत राहिली. "दत्ता, शिडी लाव. हूटर भिंतीच्या रंगाचा कसा काय झाला?"

मी वर चढलो. दिवाळीला घर रंगवलं होतं. हूटरवर रंग उडू नये म्हणून पेंटरनं त्याच्या तोंडात वर्तमानपत्राचे बोळे कोंबले होते, वरून चिकटपट्टी मारली होती आणि मग ब्रशच्या झपाट्यात चिकटपट्टीसकट सगळ्यावर मोतिया रंग फिरवून तो निघून गेला होता. भोंगा वाजला असणारच, पण तोंडात बोळा असल्यावर त्याचा आवाज कितीसा निघणार! मी एकेक बोळा काढून खाली टाकला. महिन्यातून एकदा वाजवून बघा, असं आपानं बजावलं होतं. काकू हळूच म्हणाल्या, "ह्यांची झोपमोड होते म्हणून मी..." काकडे सरांनी आपापुढं हात जोडले. मेव्हणे गाडीची किल्ली शोधायला लागले.

मला वाटलं, आता आपा चार शब्द सुनावणार. मी तर तयारच होतो. ती म्हणाली, "नाय सर, आमचंबी चुकलं. आम्ही ठिपका घरात लावला अन् समजलो काम झालं. बाहेर कोणी बघायचं?" त्या दिवसापासून हूटरच्या स्क्रूवरही ठिपका सुरू झाला. घराला रंग द्यायचा काढला तर आधी आम्हाला फोन करायचा, हे गिऱ्हाइकाकडून ती दोनदा वदवून घ्यायची. परतताना स्कूटरवर मी म्हणालो, हे त्या पेंटरचंच काम असणार, मुद्दाम बोळे कोंबले आणि कोणाला तरी सांगितलं. मोहनमाळ पुढंही सापडली नाही आणि माझा त्या माणसावरचा संशय आजही गेलेला नाही. आपा मागं बसली होती. म्हणाली, "काही सबूत हाय? नाय ना? मग जे आपण इतके दिवस खाल्लं, ते त्याला कशाला चारतो?" थोड्या वेळानं तिनं विचारलं, "तुला माझ्यावर शक होता ना?" मी म्हणालो, "व्हता." "मलाबी तुझ्यावर व्हता," ती म्हणाली. "बरं झालं. नसता घेतला तर तू कामाचा नाय अन् मीबी नाय." मग आम्ही सिडकोत थांबून भजी खाल्ली. दुसऱ्या दिवशी खणाचं कुलूप निघालेलं होतं. माफीबिफी कोणी मागितली नाही, आमच्यात ती पद्धत नव्हती.

तिला जाऊन आता काही आठवडे झाले. काम चालू आहे, फोन येतात, मी जातो. लोक विचारतात, आपा नाही आल्या? सांगावं लागतं. ते ऐकून एक काकू दाराला साखळी लावूनच माझ्याशी बोलल्या, आणि मला आपाची एवढी आठवण आली की काम उद्यावर टाकून मी परत फिरलो. मला तिचा रागही येतो. एवढी सगळ्यावर शंका घेणारी बाई, छातीत कळ आली तेव्हा पित्त असेल म्हणून गप्प बसली! इम्रान सांगत होता, आदल्या दिवशीही दुखलं होतं. प्रत्येक तार ओढून बघितली, स्वतःची तेवढी बघितली नाही...

परवा माझ्या घरचा पॅनल मधूनमधून टिकटिक करायला लागला. बॅटरी संपत आल्याची ती खूण. सुनंदा दोन-तीनदा म्हणाली, बघा की. मी टाळत होतो. पेटी उघडायची म्हणजे ठिपका फोडायचा, आणि आमच्या घरातला तो ठिपका आपा मागच्या ईदनंतर शिरखुर्म्याचा डबा घेऊन आली होती तेव्हा तिनं लावलेला. पण बॅटरी गेलेला अलार्म भिंतीवर ठेवून दिला असता तर तिनं मला फैलावर घेतलं असतं. शेवटी काल सकाळी उघडला. ठिपका तडकला, त्याचा लाल टवका फरशीवर पडला. बॅटरी बदलली, तारा बसवल्या, झाकण लावून स्क्रू कसला. दुकानातल्या खणातली बाटली मी घरी आणून ठेवली होती. सुनंदानं ती पुढं केली. "लावा की." घट्ट झालीय, पण अजून दोन-चार ठिपके निघतील.

मी ती घेतली नाही. स्क्रू मी कसला होता. हातातला स्क्रूड्रायव्हर खाली करून मी सवयीनं डावीकडं सरकलो, तिला पेटीसमोर उभं राहता यावं म्हणून, आणि तसाच थांबून राहिलो.